गोठ्यातून थेट मंगलाष्टक

"टेप लावायला मी मेले का?"

आत्या हे ओरडली तेव्हा ती बावडा गावात आपल्या घरी खाटेवर आडवी होती. म्हशीला पाणी दाखवताना शेणावरून पाय घसरला, मांडीचं हाड मोडलं, आत सळई बसवली आणि डॉक्टरांनी बजावलं, की काही झालं तरी हलायचं नाही. तरी तिचा आवाज पार रस्त्यापर्यंत गेला. आमचे तात्या, म्हणजे माझे वडील, तिच्या खाटेशी बसून चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली. तात्या अख्ख्या गावात कुणाला भीत नाहीत, पण थोरल्या बहिणीपुढं त्यांची बोलती बंद होते.

तात्यांचं म्हणणं इतकंच होतं, की आक्कानं मंगलाष्टक मोबाईलमध्ये भरून द्यावं आणि आम्ही ते लग्नात लावावं.

"आक्का, आजकाल समदी तसंच करत्यात."

"करू देत. माझ्या भाचीचं लगीन हाय. मी जित्ती हाय तवर माझी टेप लावायची न्हाय. लावलीस तर माझ्या दारात पाय ठिवू नगंस."

लग्न माझ्या धाकट्या बहिणीचं होतं, बारामतीत. आणि आमच्या घराण्यात आत्याच्या मंगलाष्टकाशिवाय एकही लग्न लागलेलं नाही. माझं लागलं, चुलत्यांच्या पोरांची लागली, दूरच्या भावकीतलीसुद्धा लागली. ती दरवेळी नवीन रचते. नवरानवरी, आईबाप, मामा, काका, सगळ्यांची नावं त्यात ओवते, आणि ज्याचं नाव राहिलं तो वर्षभर फुगून बसतो. आता ती खाटेवर, लग्न तोंडावर. तिला आवाज पाठवायचा नव्हता. तिला यायचं होतं. एवढं साधं कुणाच्या डोक्यात शिरत नव्हतं.

"आत्या, तू लाइव्ह म्हणशील," मी म्हणाले. "इथूनच. तू आम्हाला दिसशील, आम्ही तुला दिसू, आणि टेपबीप काही नाही."

माझी जीभ अशीच आहे. आधी बोलून मोकळी होते, मग मी निस्तरत बसते.

आता खरं सांगायचं तर मी अगदीच अडाणी नव्हते. आम्ही नवराबायको बारामतीजवळ जळोचीत राहतो आणि लग्नाच्या शूटिंगचा धंदा करतो. तो कॅमेरा धरतो, मी लॅपटॉपवर चित्रं जोडते आणि कार्यालयातून सगळं यूट्यूबवर सोडते. पण आजवर आम्ही आतलं बाहेर पाठवलं होतं. बाहेरच्या गावातलं माणूस आत आणायचं, आणि तेही भर मुहूर्तावर, हे कधी केलं नव्हतं.

"त्यात काय एवढं? व्हिडिओ कॉल लाव की," नवरा म्हणाला.

लावला. आत्यानं खाटेवरून खणखणीत सूर लावला, "कुर्याऽऽत् सदाऽऽ मंगलम्". आमच्याकडं "कुर्या" आलं, मग गुळण्या केल्यासारखा आवाज आला, मग "लम्" आलं. कॉलच्या ॲपचं गणित असं असतं, की बोलणं तेवढं ठेवायचं आणि बाकीचा गोंगाट गाळायचा. आत्याचा लांब ताणलेला सूर त्याला गोंगाट वाटला. हे मी तिला सांगितलं नाही. माझी काय हिंमत!

टीव्हीवाले गावोगावहून बातम्या पाठवतात त्यासाठी त्यांच्याकडं पाठीवर अडकवायची भारी यंत्रं असतात. ती आम्हाला परवडणारी नव्हती. मग मी मोफत सॉफ्टवेअरच्या मागं लागले, ज्याचा कोड कुणालाही उघडून बघता येतो, बदलता येतो. एकानं लिहिलं, दुसऱ्यानं दुरुस्त केलं, तिसऱ्यानं त्यात भर घातली, आणि सगळ्यांनी मिळून ते जगाला देऊन टाकलं.

"फुकट देत्यात?" तात्या म्हणाले. "मग काय तरी खोट आसंल त्यात."

"तात्या, गावजेवण असतं तसं आहे हे. कुणी पीठ देतं, कुणी लाकडं देतं, कुणी नुसता वाढायला उभा राहतो."

"आन् तू काय देणार?"

"मी सध्या जेवणार," मी म्हणाले.

बेत असा होता. बावड्यात आत्याची सून, म्हणजे माझी वहिनी, फोन धरणार. एका सिमचा भरवसा नाही, म्हणून दोन कंपन्यांची दोन सिमं. सॉफ्टवेअर चित्राचे आणि आवाजाचे बारीक बारीक तुकडे करणार आणि दोन्ही वाटांनी सोडणार. जळोचीत आमच्या खोलीतला जुना कॉम्प्युटर ते तुकडे गोळा करून ओळीनं लावणार, एखादा वाटेत हरवला तर बावड्याकडून पुन्हा मागून घेणार, आणि सगळं नीट जुळलं की कार्यालयातल्या माझ्या लॅपटॉपला देणार. या सगळ्याला थोडा वेळ लागतो, त्यामुळं आत्या आम्हाला जरा उशिरा दिसणार. आणि उलट वाटेनं लग्नमंडप आत्याच्या टीव्हीवर जाणार.

कागदावर हे लिहायला मजा आली. जोडताना घाम फुटला. एक आकडा चुकला की पडदा काळा. तो आकडा बरोबर केला की चित्र येतं आणि आवाज गायब. नवऱ्याला मी खोलीत पाऊल टाकू देत नव्हते. त्यानं एकदा विचारलं, "जेवायला काही मिळेल का?" मी म्हणाले, "पोर्ट उघडलं की." पोर्ट म्हणजे कॉम्प्युटरचं ते दार, ज्यातून आत्याचे तुकडे आत यायचे होते. नवरा बिचारा भाकरी आणायला कोपऱ्यावरच्या खानावळीत गेला.

आणि मग एका सकाळी पडदा उजळला. सगळ्या पडद्यावर काहीतरी गुलाबी, गोल, काळोखी भोक असलेलं दिसायला लागलं. मला कळेना हे काय. तेवढ्यात ते हललं आणि आतून आवाज आला, "दिसतंय का गं?"

आत्याची नाकपुडी! जळोचीत, आमच्या भिंतीवर, माझ्या आत्याची नाकपुडी! फोन तिनं पार तोंडाशी धरला होता. मी खुर्चीवरून उठले ती थेट न्हाणीच्या दारावर बुक्क्या मारत सुटले. "आली! आली! आत्या आली!" नवरा साबणाच्या अंगानं टॉवेल गुंडाळून धावत आला. त्याला वाटलं आत्या खरंच दारात येऊन उभी राहिली. पडदा बघितल्यावर तोसुद्धा तसाच नाचायला लागला. समोरच्या बंगल्यातल्या काकूंनी खिडकी लावून घेतली.

पण आनंद पहिल्या ओळीपर्यंतच टिकला. आत्यानं सूर लावला आणि लगेच थांबली.

"कोण गं ती भवानी? माझ्या मागनं माझीच नक्कल करतीया!"

ती भवानी म्हणजे तीच होती. तिचा आवाज आमच्याकडं येऊन परत तिच्या टीव्हीतून बाहेर पडत होता, उशिरानं. मी परोपरीनं समजावलं. तिला काही पटेना. ती म्हणाली, मला माझा आवाज ठाऊक हाय, ही कुणीतरी किनऱ्या आवाजाची बाय हाय.

मी त्या सॉफ्टवेअरच्या लोकांच्या पानावर मोडक्यातोडक्या इंग्रजीत प्रश्न टाकला. आत्या आहे, लग्न आहे, मोडलेलं हाड आहे, गाणं म्हणायचं आहे, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी सगळ्यांनी तांदूळ फेकायचे आहेत. दुसऱ्या देशातल्या कुणा भल्या माणसानं आधी विचारलं, "तांदूळ कोणावर फेकतात आणि का?" मी समजावून सांगितलं. मग त्यानं खरं उत्तर दिलं. तिच्याकडं परत पाठवताना मंडपातला सगळा आवाज पाठवा, फक्त तिचा स्वतःचा त्यातून वजा करा. मी वजाबाकी केली. भवानी गेली. त्या माणसानं शेवटी लिहिलं, की लग्न कसं झालं ते कळवा. मला तो एकदम आमच्या भावकीतलाच वाटायला लागला.

मग रेंजचं झेंगट. आत्याच्या घराच्या भिंती जुन्या, जाड. आत फोनला एक काडी दिसायची, तीसुद्धा मेहरबानी केल्यासारखी. वहिनी फोन घेऊन घरभर, अंगणभर, माळवदावर फिरली. मी इकडून ओरडत होते, "डावीकडं! नाही, मागं! थांब, तिथंच थांब! कुठं आहेस?"

"गोठ्यात," वहिनी म्हणाली. "म्हशीच्या शेजारी."

जिथं दोन्ही सिमं भरभरून चालत होती ती अख्ख्या घरातली एकच जागा होती, म्हशीच्या गव्हाणीजवळ. मी कपाळाला हात लावला. आत्याला कसं सांगायचं? वहिनीनंच जाऊन सांगितलं. आत्यानं क्षणभरही विचार केला नाही.

"मग खाट हालवा तितं."

"आत्या, डॉक्टरांनी हलू नको म्हणून सांगितलंय," मी फोनवर ओरडले.

"मी कुठं हालतीया? खाट हालतीया."

लग्नाच्या दिवशी बावड्यात आत्याच्या खाटेपुढं टीव्हीही गोठ्यात मांडला होता, आणि इकडं कार्यालयात स्टेजच्या बाजूला मोठा पडदा लावला होता. पाहुणे येताजाता त्याच्याकडं बघून विचारत होते, "क्रिकेट हाय का?" आशीर्वादाची भाषणं रीतीप्रमाणं लांबली, गुरुजी घड्याळ दाखवून दाखवून थकले, आणि एकदाचा अंतरपाट धरला. मी लॅपटॉपवर बोट टेकलं. पडद्यावर बावडा उमटला.

देवा रे देवा! खाटेवर तक्क्याला टेकून आत्या, हिरवी नऊवारी, नाकात नथ, पदराला मी दिलेला बिनवायरचा माईक. तिच्या मागं म्हैस. म्हशीची शिंगं रंगवलेली, पाठीवर झूल घातलेली. आणि म्हशीच्या मागं, बाजूला, दारात, भिंतीवर चढून, सगळी आळी. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून, प्रत्येकीच्या मुठीत अक्षता. नवरीच्या वेषातली माझी बहीण अंतरपाटामागून मान वाकडी करून पडदा बघत होती आणि तिला हसूही आवरत नव्हतं, रडूही. गुरुजींनी दोन वेळा तिचं तोंड सरळ केलं.

आत्यानं सुरू केलं.

"आली वेळ शुभा उभे वर-वधू, या मांडवाच्या तळी..."

काय तो आवाज! मी आजवर तो शेजारी उभी राहून ऐकला होता, कान किटायचे. आज तो इंदापूर तालुक्यातून येत होता आणि माझ्या अंगावर काटा उभा राहिला.

पुढच्या रांगेत नवरदेवाचे चुलते बसले होते, मोरगावकडचे. सगळे त्यांना आबा म्हणत. आबांना एकूण पडदा, लॅपटॉप, मी, काहीच पसंत नव्हतं. ते शेजारच्याला म्हणाले, पण असं, की सगळ्यांना ऐकू जावं, "टेप हाय ही. आदी भरून ठिवलेली. म्हातारी झोपली आसंल तिकडं."

आबांच्या खुर्चीपुढंच माझा माईक होता. जो बावड्याला जात होता.

आत्याचं कडवं पुढं चाललं होतं. आबा पान काढत होते. त्यांचं बोलणं आत्यापर्यंत पोचायला थोडा वेळ लागणार होता. आणि तेवढ्यात पडद्यावर आत्याची भुवई वर गेली. ती थांबली नाही, चाल सोडली नाही, मात्रा चुकली नाही. त्याच चालीत, तसाच सूर ताणून तिनं गायलं,

"नाही टेप, जिवंत मीच दिसते, गोठ्यातुनी गातसे!"

सगळ्या कार्यालयात हशा फुटला. लोक हसतायत, टाळ्या वाजवतायत, माझा नवरा कॅमेरा धरून हसतोय आणि कॅमेरा हलतोय. आबांच्या हातातलं पान तसंच राहिलं. ते उठून पडद्याकडं बघून म्हणाले, "च्या मायला, बाई ऐकतीया की!" आणि शेजारच्यांना बोटं दाखवून दाखवून सांगायला लागले. गलका काही थांबेना. आत्यानं तिकडून जरा वाट बघितली आणि परत चालीतच,

"तेथे कोण बरे बसून बरळे? ऐका जरा, गप्प व्हा! कुर्यात् सदा मंगलम्, शुभमंगल सावधान!"

आमच्याकडं अक्षतांचा पाऊस पडला. आणि बावड्यातही. फक्त आमच्याकडं अक्षता टाकायला नवरानवरी होते. बावड्याच्या बायकांनी विचार केला, नवरी कुठं आहे? फोनमध्ये आहे. मग सगळ्या आळीनं मुठी भरभरून फोनवर अक्षता फेकल्या.

फोन खुंटीला बांधला होता. खुंटी निसटली. पडद्यावर छप्पर गेलं, झूल गेली, कडबा आला, आणि मग सबंध पडदाभर एक भलंमोठं ओलं नाक. फोन गव्हाणीत पडला होता. म्हशीनं आधी हुंगलं, मग जीभ काढून चित्र पुसून घेतलं.

"चित्र काढून टाक! काढून टाक!" नवरा ओरडला.

मी काढलं नाही. एक तर मला हसून हसून दिसत नव्हतं. दुसरं म्हणजे आवाज चालू होता. म्हशीचं नाक आणि आत्याचा सूर. आत्या दुसऱ्या कडव्यात शिरली होती, एकेक नाव गुंफत होती, आणि ज्याचं नाव येईल तो इकडं मान डोलवत होता.

शेवटचं कडवं आलं आणि माझ्या लॅपटॉपवर एक सिम लाल झालं. मग दुसरंही पिवळं. का, ते मला नंतर कळलं. आपली आळी एवढ्या मोठ्या पडद्यावर दिसतेय म्हटल्यावर बावड्यातल्या प्रत्येकानं खिशातला फोन काढून पाहुण्यांना दाखवायला कॉल लावला होता. सगळा टॉवर त्यांनीच खाल्ला.

"कुर्यात् स..."

आणि संपलं. पडदा थिजला. आवाज नाही.

हसणं विरलं. गुरुजी माझ्याकडं, मी गुरुजींकडं. मुहूर्त चालला. नवऱ्यानं हळूच माऊस हातात घेतला. सरावाच्या वेळचं आत्याचं मंगलाष्टक आमच्याकडं भरलेलं होतं, एक बटण दाबलं असतं की शेवट पुरा झाला असता, आणि कुणाला कळलंही नसतं.

"लावू?" तो पुटपुटला.

मी त्याच्या हातावर फटका मारला. "लावलंस तर बघ!"

तात्या घामाघूम होऊन जवळ आले. मला वाटलं, आता हे म्हणणार, लाव बाई. ते म्हणाले, "लावू नगं. तिला कळंल." आणि अंतरपाटामागून माझ्या बहिणीचा आवाज आला, स्पष्ट, कुणाचीही पर्वा न करता, "थांबा सगळे. आत्या येतीया."

सगळं कार्यालय थांबलं. पोरंसोरं, आचारी, बँडवाले, सगळे. आबासुद्धा हात जोडून उभे. बावड्यात काय घडत होतं ते वहिनीनं मग सांगितलं. टीव्हीवर मंडप थिजला तसा तिला अंदाज आला, आणि ती म्हशीच्या गव्हाणीवर चढून ओरडली, "फोन बंद करा रं समद्यांनी! लगीन आडलंय!"

लॅपटॉपवर पिवळं होतं ते हिरवं झालं. लाल होतं तेही झालं. आणि पडद्यावर म्हशीचं नाक हललं.

"कुर्यात् सदा मंगलम्," आत्या अख्खी ओळ पहिल्यापासून म्हणाली, "शुभमंगल सावधान!"

वाजंत्री सुरू झाली, लोक ओरडत होते, अंतरपाट खाली आला, आणि मी टेबलावर डोकं ठेवून ढसाढसा रडले. आनंदानं. लाज कसली?

लग्न लागलं. पंगती बसायला लागल्या. मी वायरी गुंडाळत होते, तेवढ्यात नवरदेवाची आई, आमच्या नव्या विहीणबाई, माझ्याकडं आल्या. दिवसभर त्या कुणाशी फारशा बोलल्या नव्हत्या. आमच्याकडं विहिणींची पंगत मानाची, दोन्हीकडच्या बायका शेजारी बसतात, आणि ती पंगत मांडून तयार होती.

"आत्याबाईंचं ताट कुठं मांडलंय?" त्यांनी विचारलं.

तात्या म्हणाले, "त्या बावड्यात हायत, विहीणबाई."

"ते म्हाईत हाय. पर आल्या न्हाईत का त्या? समद्यांनी बघितलं की. आलेलं मानूस उपाशी ऱ्हायलं आन् मी जेवले, आसं हुईल व्हय?"

तात्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

मी गुंडाळलेल्या वायरी परत सोडल्या. विहीणबाईंनी स्वतः आपल्या शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून खाली ठेवली आणि तिथं माझा लॅपटॉप ठेवायला सांगितला. तिकडं बावड्यात धांदल. सगळी आळी लग्नात दंग, कुणी चूल पेटवलेलीच नाही. शेजारणीकडून सकाळचं पिठलं आणि भाकरी आली. वहिनीनं आत्याच्या मांडीजवळ ताट ठेवलं. फोन यावेळी तिनं दोन्ही हातांनी धरला होता.

विहीणबाईंनी जिलबीचा तुकडा मोडला, हात तोंडापर्यंत नेला आणि तसाच धरला. सगळी पंगत तशीच बसून राहिली. वाढपी बादल्या घेऊन उभे. चित्र उशिरा येतं हे मी त्यांना सांगणार होते, पण त्यांना त्याचं काही नव्हतं. आत्यानं पदरानं डोळे पुसले, भाकरीचा तुकडा मोडला आणि पडद्यातून सरळ विहीणबाईंकडं बघितलं.

"घ्या, विहीणबाई, घ्या," ती म्हणाली. "मी बसलीया तुमच्या शेजारीच."

मग दोघी जेवल्या.